ह्यात आमची तूर कुठली?

मंगळवारी ऋतुराज सरांनी मंतशाला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "शनिवारी संध्याकाळपर्यंत मला एक नंबर द्या. एकच. दोन नकोत." मंतशा हो म्हणून बाहेर आली, आणि तिथून पुढं चार दिवस तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

मंतशा पठाण ही पीक पैदासकार. करमाडच्या थोडं पुढं, जालना रस्त्यापासून आत, एका बियाणे कंपनीचं संशोधनाचं शेत आहे, तिथं ती नऊ वर्षं कामाला होती. त्यातली सात वर्षं तिनं एकट्या तुरीत घातली. दोन वेगळ्या तुरींचा संकर करायचा, त्यातून निघालेली शेकडो तऱ्हांची झाडं दरसाल पेरायची, बरी वाटतील ती ठेवायची, बाकीची काढून टाकायची. असं करत करत चारशेच्या तीस आणि तिसाच्या तीन ओळी उरल्या होत्या. नंबर बारा, नंबर एकोणीस आणि नंबर सत्तावीस. त्यातली एक पुढच्या खरिपात सहा गावांत चाचणीला जाणार होती, आणि तिथं टिकली तर नवा वाण म्हणून बाजारात. उरलेल्या दोघींचं बी कपाटात पडून राहणार होतं.

वाईट झाड डोळ्याला दिसतं, त्यामुळं इतकी वर्षं काही जड गेलं नव्हतं. आता तिन्ही चांगल्या उरल्या आणि मंतशाला काही सुचेना.

बारा नंबर शेंगांनी नुसती लदबदलेली असायची. एकरी उतारा सगळ्यात जास्त, दाणा टपोरा, पण उंच वाढायची आणि निघायला पावणेसहा महिने घ्यायची. एकोणीस कमरेएवढी. साडेचार महिन्यांत रान मोकळं, सगळ्या शेंगा एकदम वाळायच्या, पण उतारा बेताचा. सत्तावीस दिसायला अगदीच साधी. उतारा मधला, दाणा बारीक आणि तांबूस. पण मर रोग तिला शिवत नव्हता. शेताच्या एका कोपऱ्यात मुद्दाम रोगट करून ठेवलेलं रान होतं. मर लागून वाळलेल्या तुरीच्या काड्या दरवर्षी तिथं गाडायचे. त्या रानात बारा नंबरची निम्मी झाडं शेंगा भरायच्या आत उभ्यानं वाळली, एकोणीसचा तिसरा हिस्सा गेला, आणि सत्तावीस हिरवीगार राहिली.

"मग सत्तावीसच द्यायची, न्हाई का मामा?" तिनं कडूबाला विचारलं. कडूबा शेतावरचा सगळ्यात जुना माणूस. तीस वर्षं पेरणीच्या पुड्या आणि खुंट्यांवरचे नंबर त्याच्याच हाताखालून जात होते.

कडूबानं विडी कानावरून काढली, पुन्हा कानावर ठेवली. "मागल्या सायबांनी आशीच एक न मरणारी काढली व्हती, मॅडम. लई झ्याक. पर दाणा बारीक म्हून मिलवाले हात लावंनात. दोन सालात कुणाच्या रानात दिसली नाय."

"मग बारा द्यावी?"

"बाराला मर लागली तर लोकं आपल्याला शिव्या देत्याल."

"म्हणजे एकोणीस?"

"मी कव्हा म्हणलं एकोणीस?" कडूबा म्हणाला, आणि पाण्याचा पाइप बघायला निघून गेला.

गुरुवारी शेतावर शेतकऱ्यांना बोलावलं होतं. ही कल्पना मंतशाचीच. आपल्याला कळत नसेल तर ज्यांना पेरायची आहे त्यांना विचारावं, असं तिला वाटलं होतं. एकोणीस जण आले. प्रत्येकाच्या हातात तिनं एक लाल रिबीन दिली आणि सांगितलं, कुठली कशी ते मी बोलणार नाही, तुम्ही हिंडा, बघा आणि आवडेल त्या ओळीच्या खुंटीला रिबीन बांधा. तासाभरात चित्र स्पष्ट होईल, असा तिचा हिशेब होता.

पहिली रिबीन काकासाहेबांनी बांधली. पाचोडकडचे मोठे बागायतदार, मोसंबीच्या बागा असलेले. त्यांनी थेट एकोणीस गाठली. "मॅडम, तूर कापायला माणूस मिळंना झालाय. मशिनीत घालता यील आशी द्या, दाणे थोडे कमी आले तरी चालत्यात." मंतशानं मान डोलावली आणि तसं लिहून घेतलं. तेवढ्यात जब्बार सेठ आले. त्यांची शहरात डाळ मिल होती. त्यांनी बाराच्या शेंगा सोलून दाणे तळहातावर फिरवले आणि म्हणाले, "इसको बोलते तूर. दाणा मोठा, गोल, डाळीचा उतारा चांगला पडतो." सत्तावीसचा दाणा त्यांनी उचलला आणि मातीत टाकला.

करमाडच्या एका बाईनं बाराला रिबीन बांधली ती तुराट्यांसाठी. चुलीला होतात, कूड घालायलाही होतात, म्हणाली. तिच्या मागच्या माणसानं त्याच उंचीसाठी बारा नापास केली. फवारताना औषध डोक्यावर येतं म्हणून. एकानं एकोणीस निवडली, कारण ती लवकर निघाली की त्याच रानात हरभरा घेता येतो. दुसऱ्यानं तीच नको म्हटली, कारण लवकर निघणारी तूर गावात एकट्याचीच उभी असली की सगळ्या गावाची पाखरं तिच्यावर बसतात. मंतशा वहीत लिहीत होती आणि लिहिता लिहिता तिच्या लक्षात येत होतं की एकाच रकान्यात एकच गोष्ट गुण म्हणूनही येतेय आणि दोष म्हणूनही.

शेवटी रिबिनी मोजल्या. एकोणीसला आठ, बाराला सात, सत्तावीसला तीन. एक रिबीन कमी भरली.

ती सुरेखाच्या हातात होती. सुरेखा चाळिशीची, पाचोडजवळच्या एका खेड्यातली. मंतशानं तिला सकाळीच ओळखलं होतं. सात वर्षांपूर्वी गावरान तुरी गोळा करत हिंडताना मंतशा तिच्या घरी गेली होती. आजूबाजूच्या रानांतली तूर मर लागून जळाल्यासारखी झाली होती आणि यांची तेवढी उभी होती. सुरेखाच्या सासूनं, सरूबाईनं, दोन ओंजळी बी काढून मंतशाच्या ओढणीत घातलं होतं. काही विचारलं नव्हतं, काही मागितलंही नव्हतं. त्याच बियाचा एका ठेंगण्या, टपोऱ्या तुरीशी संकर करून मंतशानं हे सगळं उभं केलं होतं.

"तुम्ही नाही बांधली?" मंतशानं विचारलं.

सुरेखा तिन्ही ओळींकडं बघत होती. "मॅडम, ह्यात आमची तूर कुठली?"

"तिन्हीत आहे," मंतशा उत्साहानं म्हणाली. "तिन्ही तुमच्या तुरीच्याच लेकी."

"तिन्हीत कशी आसंल? एकीसारखी एक नाय." सुरेखा बाराच्या ओळीत शिरली, एक शेंग फोडली, दाणा दाताखाली धरला. "ही नाय." मग एकोणीस. "ही तर नायच नाय." सत्तावीसपाशी ती जरा जास्त वेळ उभी राहिली. दाणा चावला, पाला चुरगाळून वास घेतला. "ही बी नाय. मंग आमची गेली कुठं?"

"तुमच्या तुरीचा गुण घेतला ना आपण. मर न लागण्याचा. तो ह्या सत्तावीसमध्ये पूर्ण आलाय."

"आन बाकीचं?"

"बाकीचं..." मंतशा अडखळली. "तुमची तूर निघायला साडेसहा महिने लागायचे. ते काढून टाकायचं होतं."

"कामून?"

"उशीर होतो म्हणून."

"आमाला तर तेच बरं व्हतं," सुरेखा म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसतं नवल होतं. "कापूस येचून झाला की मंग तूर यायची. दोन्ही कामं एकदम आंगावर पडत नव्हती. घरातल्या घरात उरकायचं."

सात वर्षं तिनं जो दोष निपटून काढला होता, तो त्या घरात कुणाला दोष वाटतच नव्हता.

मग सुरेखानं ज्याच्यासाठी ती आली होती ते सांगितलं. दोन वर्षांपूर्वी सरूबाई घाटी दवाखान्यात दीड महिना ॲडमिट होत्या. तेवढ्या काळात कोठीतल्या बियाला भुंगे लागले आणि सगळी तूर पीठ होऊन गेली. "सासूबाई रोज म्हणत्यात, त्या पठाणबाईकडं आपलं बी हाय, तिला इचार. हाय का वो?"

"आहे. देते," मंतशा म्हणाली. बोलून गेली, आणि सुरेखा रिबीन तशीच परत देऊन गाडीत बसल्यावर तिच्या मनात आलं, आपल्याला ते देता येतं का, हेच आपल्याला माहीत नाही.

बी होतं. पण बी टिकवायच्या थंड खोलीत नव्हतं. एकदा संकर झाल्यावर त्या पुडीची कुणाला गरज उरली नव्हती आणि ती साध्या लोखंडी कपाटात मागं सरकत गेली होती. पुडीवर 'स्थानिक, पाचोड', असं मंतशाच्याच अक्षरात. आत एक्काहत्तर दाणे. ती पुडी घेऊन ती ऋतुराज सरांकडं गेली.

ऋतुराज सर वाईट माणूस नव्हते. ते खुर्चीत पुढं सरकून बसले आणि म्हणाले, "हे आता कंपनीच्या नोंदीत आहे. द्यायचं तर कुठल्या कागदावर द्यायचं?"

"सर, आपण घेतलं ते कुठल्या कागदावर घेतलं होतं?"

सरांनी पुडी उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "खरंच माहीत नाही. वर विचारतो. तोवर तुम्ही तुमचा नंबर ठरवा."

शुक्रवारी संध्याकाळी मंतशानं ठरवलं की निदान चवीचा तरी निकाल लावू. कडूबाच्या घरच्या जात्यावर भरडून आणलेली तिन्ही तुरींची डाळ ती शहरात कटकट गेटच्या घरी घेऊन आली. तीन सारखी पातेली, सारखं पाणी, सारखं मीठ. पातेल्यांवर खडूनं नंबर टाकले आणि अम्मीला, वहिदाबींना, सांगितलं की तू फक्त चाखायचंस. अम्मीनं पन्नास वर्षं डाळ शिजवली होती. तिघींतली एक चाखून तिनं डोळे मिटले. "ये वाली. मख्खन हय बिलकुल."

मंतशानं पातेलं फिरवून बघितलं. डाळ उतू जाऊन फेस खाली आला होता आणि अम्मीनं सवयीनं ओल्या फडक्यानं तिन्ही पातेली लख्ख पुसून काढली होती. एकावरही नंबर नव्हता. कुठलं पातेलं आधी कुठं होतं हे दोघींनाही आठवेना. दाण्याच्या रंगावरून ओळखावं, तर साल निघाल्यावर तिन्ही डाळी पिवळ्याच.

शनिवारी पहाटे उठून तिनं पुन्हा डाळ शिजवली. या वेळी पातेल्यांच्या कडांना रंगीत दोरे बांधले. अम्मीनं चाखलं आणि सत्तावीस उचलली. मग थांबून बारा पुन्हा चाखली. "नै, ये बी अच्छी हय."

"कालची कुठली होती, अम्मी? ह्यातली?"

"कल भूक लगी थी, बेटी. भूक में सब मख्खन लगता."

मंतशा आधी हसली आणि मग चुलीजवळच फरशीवर बसून राहिली. आपण सात वर्षं कशाच्या मागं लागलो होतो, असा एक वेडा प्रश्न तिला पडला. चांगली तूर म्हणजे काय, एवढं साधं विचारलं तरी कुणाची दोन उत्तरं जुळत नव्हती, आणि एकाच माणसाचीही कालची आणि आजची जुळत नव्हती.

शेतावर पोचल्यावर तिनं चाचणीच्या अर्जाचा कागद काढला. नंबराच्या जागी एकोणीस लिहिलं. सगळ्यात जास्त रिबिनी तिलाच होत्या. दहा मिनिटांनी ते खोडलं. बारा लिहिलं. उतारा हा तर आकडा होता, त्यावर कुणी वाद घालू शकत नव्हतं. तेही खोडलं. मग कागद तसाच ठेवून ती त्या कोपऱ्यातल्या रोगट रानाकडं चालत गेली.

तिथं काही नवं नव्हतं. बाराची झाडं काळ्या पट्ट्यांच्या खोडांनी उभी होती. शेंगा लागल्या होत्या पण आत दाणा नव्हता. मंतशानं एक झाड हलवलं तर ते मुळासकट हातात आलं. तिनं विचार केला, कुणाला उंच हवी, कुणाला बुटकी, कुणाला लवकर आणि कुणाला उशिरा. गुरुवारी सगळं ऐकलं. पण मेलेली तूर हवी, असं एकही माणूस म्हणाला नव्हता. एवढं एकच तिला त्या चार दिवसांत नक्की कळलं होतं, आणि तेही कळलं म्हणायचं की नाही, याची तिला शंकाच होती.

तिनं सत्तावीस लिहून कागद सरांपुढं ठेवला.

"हिला तीन रिबिनी होत्या," ऋतुराज सर म्हणाले.

"हो."

"जब्बार सेठनी दाणा टाकून दिला म्हणे."

"हो सर."

"खात्री आहे तुमची?"

"नाही," मंतशा म्हणाली.

सरांनी सही केली. मग ड्रॉवरमधून ती पुडी काढली. "वरून अजून काही उत्तर नाही. अर्धं बी ठेवा, अर्धं द्या. कुणी विचारलं तर मी बघतो."

पस्तीस दाणे मंतशानं कडूबाच्या हातून पाचोडला पाठवले. सोबत चिठ्ठी दिली: बी जुनं आहे, सगळं उगवणार नाही. फुलं यायच्या आधी झाडं जाळीनं झाका, नाही तर मधमाश्या शेजारच्या तुरीचं आणून ह्यात मिसळतील.

पुढच्या जानेवारीत सहा गावांचे अहवाल आले. दोन गावांत मर जोरात होती; तिथं सत्तावीस शेजारी पेरलेल्या बाजारातल्या वाणांत पहिली. दोन गावांत मर नव्हतीच, तिथं ती सगळ्यांच्या खाली. उरलेल्या दोन ठिकाणी मधेच कुठंतरी. ऋतुराज सरांनी अहवाल दोनदा वाचला. "म्हणजे आपण बरोबर होतो की चूक?"

"अजून एक वर्ष घालून बघू," मंतशा म्हणाली. सरांनाही याच्याहून वेगळं काही सुचलं नाही.

फेब्रुवारीत सुरेखाचा फोन आला, तूर वाळली, बघायला या. मंतशा एसटीनं पाचोडला उतरली, तिथून सुरेखाच्या नवऱ्याच्या मोटरसायकलवर शेतात. बांधाच्या कडेला निळी मच्छरदाणी ताणून बांधली होती. ती पुरली नाही तिथं जुन्या साड्यांचे तुकडे शिवले होते. पस्तीसपैकी चौदा उगवली होती, एक शेळीनं खाल्लं. तेरा झाडं. जाळीपाशी बाजेवर सरूबाई बसल्या होत्या. वाळून अर्ध्या झालेल्या, पण नजर खडखडीत.

जाळी वर केली आणि मंतशा चक्रावली. तेरा झाडं एकसारखी नव्हती. चार डोक्याच्या वर गेलेली, बाकीची खांद्याएवढी. काहींच्या शेंगा पार वाळलेल्या, काहींच्या अजून हिरव्या. तिनं चार-पाच शेंगा फोडल्या. एकीत तांबडे दाणे, एकीत पांढरट, एकीत ठिपक्यांचे.

"फुलं येण्याआधी झाकली होती ना?" तिनं विचारलं.

"झाकली व्हती की," सुरेखा म्हणाली. "कळ्या बी नव्हत्या तव्हापासून."

"मग ही अशी वेगवेगळी कशी?"

सरूबाई हसल्या. "आमची आशीच व्हती, पोरी. सगळी मिळून आमची."

मंतशा बांधावरच बसली. तिच्या नोंदींत 'स्थानिक, पाचोड' या नावापुढं एक उंची लिहिलेली होती, दिवसांचा एक आकडा, दाण्याचा एक रंग. सात-आठ वर्षांपूर्वी तिनं त्या दोन ओंजळींतलं थोडं पेरलं होतं आणि त्यातलं डोळ्यात भरलेलं एक झाड संकराला घेतलं होतं. ते एक झाड म्हणजे सरूबाईची तूर, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. ते यातल्या कुठल्यासारखं होतं? तिनं तेराही झाडांवरून नजर फिरवली. तिला आठवेना.

सरूबाई बियासाठी शेंगा निवडायला लागल्या. सुरेखा झाडाझाडाच्या शेंगा आणून त्यांच्या पुढ्यात टाकायची आणि त्या बोलायच्या. "हे लवकर येतं, पाव्हणं आलं की उकडायला शेंगा व्हत्यात. ह्याला पाणी नाय मिळालं तरी चालतं. हे लई गोड, म्हून शेळ्या आधी ह्यालाच धरत्यात."

"आणि हे?" मंतशानं विचारलं.

"हे ठिवायचंच."

"का?"

सरूबाईंनी शेंग फिरवून बघितली. "का ते नाय सांगता येत. ठिवायचं."

मंतशानं ते तसंच लिहून घेतलं.

शेवटच्या झाडाच्या शेंगा मात्र बघून त्या थांबल्या. ठेंगणं झाड, जांभळ्या रेघांच्या शेंगा, आत काळसर दाणा. "ही कुणाची? आशी आमच्यात कव्हा पाह्यली नाय." त्यांनी शेंग मंतशाच्या हातात दिली. "तू शिकलेली. तू सांग."

मंतशानं दाणा उन्हाकडं धरून पाहिला. पुडीत दुसरं बी पडलं असेल. सरूबाईंच्या ओंजळीत मुळातच एखादा असा दाणा असेल, कुणाच्या लक्षात न आलेला. किंवा शेजारच्या रानातलं सांडलेलं बी इथं उगवलं असेल. तिनं झाडाकडं पाहिलं, शेंगेकडं पाहिलं, पुन्हा झाडाकडं पाहिलं.

"मला कळत नाही," ती म्हणाली.

"मंग हिचं बी येगळं ठिवू का सगळ्यात घालू?" सुरेखानं विचारलं.

कंपनीच्या शेतावर असतं तर मंतशानं क्षणभरही विचार केला नसता. अनोळखी दाणा मिसळणं म्हणजे वर्षाची मेहनत पाण्यात. आता तिनं दाणा सरूबाईंच्या हातात ठेवला.

"घाल सगळ्यात," सरूबाई म्हणाल्या. "आली तर आली."

शेंगा सोलून झाल्यावर सुरेखानं मडकं पुढं केलं. त्याचं तोंड अरुंद होतं आणि दाणे बाहेर सांडत होते, म्हणून मंतशानं दोन्ही हातांनी ते तिरकं धरलं. सरूबाईंनी काळसर दाण्यांची मूठ उघडली.